सविताचं यान सरळ उतरलं

विज्ञान शिक्षक मंडळी, वडवणीत नुकत्याच सुरू झालेल्या नेट कॅफेतून लिहितेय. आज घडलेलं आजच सांगायचंय.

अंतराळातून परतणारं यान रुंद, बोथट बाजू पुढे करून वातावरणात शिरतं, असं सकाळी नववीला शिकवलं. सविताला पटेना. "मॅडम, मंग ते उलटंपालटं कावून होत न्हाई?"

"सोमवारी करून बघू."

"सोमवारी मी न्हाई. आमी उद्या ऊसतोडीला चाललो."

म्हणून शाळा सुटल्यावर लगेच पत्र्याचा डबा आणि पुठ्ठा घेऊन छोटं यान बनवलं. शिपाईमामांनी ते गावच्या पाण्याच्या टाकीवरून सोडलं. सविताला न्यायला आलेले तिचे वडीलही थांबले होते. यान कोलांट्या खात आपटलं. मुलं हसली, मी ओशाळले.

सविताने ते हातावर तोललं. "वजन वर हाय, म्हणून फिरतंय." तिने रुंद तळाशी आतून ओल्या मातीचा गोळा दाबून बसवला. मामांनी यान पुन्हा सोडलं. थोडं डुललं आणि रुंद बाजू खाली धरून सरळ उतरलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिच्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, हिला माझ्याकडं राहू द्या."

ते यान उचलून बघत म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय, मॅडम. पण आमी दोघं उसाच्या फडात गेल्यावर धाकटीला कोण सांभाळंल?"

तुम्ही काय म्हणाला असता? लवकर लिहा. त्यांचा ट्रक उद्या सकाळी निघतोय.