मोर्णेच्या डोहातलं लुगडं

कापसाला सोन्याचा भाव आला आणि अकोल्याच्या मोर्णा नदीवर जत्रा लोटली. बाजारात कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या की गाडीवान पैजा लावून पाण्यात सूर मारत. काठावर वांगी पिकवणारा सोनाजी माळी दिवसभर ओरडे, "तिकडे डोह हाय, बाप्पा!" त्याचा भाऊ त्याच डोहात बुडाला होता. ओरडून त्याचा आवाज इतका बसला, की वांगी विकायला बायको बसू लागली. शेवटी त्याने डोहाच्या तोंडाशी बांबू रोवला आणि धोका दिसावा म्हणून त्याला बायकोचं लाल लुगडं बांधलं.

आठ दिवसांत बांबूला शेंदूर लागला. लोक नारळ घेऊन नेमके तिथेच बुड्या मारू लागले. सोनाजी बांबू उपटायला गेला.

"देवाले हात लावतं काय बे, बुढ्या?" गर्दीतून कोणी ओरडलं.

"देव नोहे, माह्या बायकोचं लुगडं हाय!"

"मंग त देवीच झाली!" म्हणत एका गाडीवानाने सूर मारला. तो वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गावकरी हात जोडून आले. "देवी जागृत हाय, सोनाजीबुवा. लुगडं तुमच्या घरचं, तवा पुजारी बी तुमीच व्हा."

सोनाजीने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. लोकांनी तो होकार समजला.