निवेदकाला दिलेली आई

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा निवेदकाला आई कुठून आणायची हा प्रश्नच मला पडला नाही. माझी होती, ती देऊन टाकली. तिचं वाकून चालणं, अंगाला येणारा ओल्या पऱ्ह्यांचा, धानाच्या रोपांचा वास, धानाच्या बांधीच्या चिखलात पोटरीपर्यंत बुडालेले पाय, सगळं. हा निवेदक माझ्याहून बराच लहान, बिरसीच्या धावपट्टीजवळच्या खेड्यात वाढलेला. त्याच्या बालपणी वर शिकाऊ विमानं घिरट्या घालत असणारच. म्हणून मी लिहिलं, की रोवणी करता करता त्याची आई कंबर सरळ करते आणि विमानाला चिखलाचा हात हलवते. लुगडं हिरवं. वाचकांना तो प्रसंग फार आवडला. मलाही आवडला, आणि तिथंच घात झाला.

हळूहळू मलाच ते दिसायला लागलं. दुपारी जरा डोळा लागला की बांधीतलं पाणी चमकतं, मी कडेच्या धुऱ्यावर बसलेली असते, वर घरघर होते आणि माझी माय हिरव्या लुगड्यात हात हलवते. आता हे शक्यच नाही. मी लहान होते तेव्हा बिरसीची जुनी धावपट्टी ओस पडली होती, तिच्यावर गुरं चरायची. विमानं उडायला लागली तोवर मायला जाऊन कितीतरी पावसाळे उलटले होते. हे सगळं कळतं, पण डोळे मिटले की विमान येतंच. ते पुसायला जावं तर खाली दुसरं काही सापडत नाही. मी घाबरले. मायची एक तरी आठवण माझी म्हणून उरली आहे, की सगळ्या कादंबरीतल्या त्या पोरानं नेल्या?

मायच्या शेजारी उभं राहून रोवणी केलेलं एकच माणूस आता आहे, माझी मावशी. रोवणीच्या दिवसांतच तिच्याकडे गेले. ती ओसरीत बसली होती. समोरच्या बांधीत बायका मागे मागे सरकत रोवत होत्या, आणि पाण्यात ढग इतके हळू चालले होते की कुणी बोलू नये असं वाटावं. तरी मी विचारलं.

"मावशी, माय रोवताना काय करे?"

"कायले विचारून राहिली वो? विमानाले हात करे ना. हिरवं लुगडं नेसून."

"तवा विमान कोठं होतं, मावशी?"

"नोहोतं, खरंच," ती म्हणाली. "पण सूनबाईनं तुहं पुस्तक वाचून दाखवलं, तवापासून मले असंच दिसते. त्याच्या आंधीचं काही दिसत नाही आता."

मला राग आला, रडूही आलं. माझ्याआधी माझं पुस्तकच तिच्यापर्यंत येऊन बसलं होतं.

"तिचं तोंड तरी दिसते का?"

"दिसते ना." मावशीनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "तुहंच दिसते. तिचं कसं होतं, ते मले आता आठवत नाही, बाई."

मी मान हलवली. मलाही आठवत नव्हतं.