नदीपलीकडचा विमा

बापूकाका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी विचारायचे, "होमओनर्स इन्शुरन्स किती भरता?" व्हर्जिनियातल्या हर्नडनमधल्या आम्हा मराठी मंडळींना याची सवय झाली होती. नवखा माणूस मात्र गोंधळायचा, कारण घराच्या विम्याची चौकशी करणारे काका स्वतः अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत.

घर घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण कुठे ते ठरत नव्हतं. ऑफिस व्हर्जिनियात, काकूंची बहीण मेरीलँडमध्ये, आणि कंपनी तर नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला बदली देऊ करत होती. काका तिन्ही राज्यांतल्या विमा एजंटांना फोन करत आणि प्रत्येक फोननंतर थोडे अधिक गोंधळत. "तेच घर, तसंच छप्पर, व्हर्जिनिया-मेरीलँडच्या मधे फक्त एक नदी. मग हप्ता वेगळा काहून?" नागपूर सोडून जमाना झाला होता, पण काही कळेनासं झालं की हा 'काहून' हमखास यायचा.

एका रविवारी मी त्यांना मेरीलँडला घर बघायला घेऊन गेलो. तिथल्या विमा एजंट बाईंनी समजावलं, की समुद्राकडच्या काही भागांत, हवामान खात्याने ज्याला नाव दिलंय अशा वादळाने नुकसान झालं, तर मालकाला स्वतःचा वाटा जास्त उचलावा लागतो. काका विचारात पडले. "आणि वादळ आधी आलं, नाव नंतर ठेवलं, तर?" बाई हसल्या नाहीत. विचारून सांगते म्हणाल्या. परतताना काका गाडीत म्हणाले, "बघ, त्यांनाही माहीत नाही यार. मी एकटाच नाही."

शेवटी काकूंचा धीर संपला. त्यांनी व्हर्जिनियातच, अ‍ॅशबर्नला एक घर पसंत केलं आणि सांगितलं, "तुम्ही कम्पेअर करत बसा. मी राहायला चालले." काकांनी मुकाट्याने सही केली.

दुसऱ्याच वर्षी मोठं वादळ आलं. झाड पडून छप्पर फुटलं आणि बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. काकूंच्या आईची सतार तिथेच ठेवलेली होती. छपराचं नुकसान कंपनीने भरून दिलं, बेसमेंटचं नाकारलं. जमिनीवरून आत येणाऱ्या पाण्याचा विमा म्हणे वेगळा काढावा लागतो.

"वरून आलं तर ते पाणी. मग खालून आलं ते काय?" फुगलेली सतार मांडीवर घेऊन काका मला विचारत होते. काकू त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "हे विचारायचं असतं, हेच आपल्याला कुठे ठाऊक होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्यानंतर कुणी घर घेतंय असं कळलं, की काका स्वतः जाऊन सांगत, "हप्त्याचं सोड. काय भरून देणार नाहीत, ते आधी विचार." मी घर घेतलं तेव्हा पुराचा वेगळा विमा त्यांनीच काढायला लावला.

पुढे त्यांनी मॉरिसव्हिलची बदली घेतली. सामानाचा ट्रक पुढे गेला. आम्ही निरोप द्यायला रस्त्यावर उभे होतो, तेवढ्यात काका गाडीचं दार धरून थबकले. "इथलं घर विकलं, तिथलं अजून घेतलं नाही. मग आज आपण नेमके कुठल्या राज्याचे?"

काकूंनी आतून हात पुढे केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी आहे ना गाडीत."