अर्जातला प्रयोजनाचा रकाना

मोटारींच्या शर्यतीचं वेड आमच्या घरात कोणाला, असं विचारलं तर लखनौमधली आमच्या ओळखीची निम्मी माणसं माझ्याकडे बोट दाखवतील. ही शुद्ध थाप आहे, आणि ती वीस वर्षं मीच चालवली. वेड बायकोला आहे. मला लाल गाडी आणि निळी गाडी यापलीकडे ओ की ठो कळत नाही.

मी हवाई दलात, बख्शी का तालाबच्या स्टेशनवर भांडारात होतो. बायको केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर. रविवारी संध्याकाळी ती टीव्हीवर शर्यत लावून बसायची आणि नेमके तेव्हाच माझे दोस्त टपकायचे. "अच्छा, सर को रेस का शौक है!" मी पाय पसरून म्हणायचो, "हाँ यार, थोड़ा-बहुत." ती उठून चहा टाकायला जायची. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या पोरांनी मला शर्यतीच्या गाडीचं एक छोटं मॉडेल भेट दिलं, तर मी निर्लज्जासारखं त्यावर भाषणही ठोकलं.

यंदा तिने जाहीर केलं की इटलीत जाऊन फॉर्म्युला वनची शर्यत बघायची. मी म्हटलं, "चल, पण हाल नकोत. माझे गुडघे आता ट्रेनिंगमधले राहिलेले नाहीत." ती म्हणाली, "अहो, तुम्ही नुसते बघा."

आणि बघतच राहिलो मी. तिने ट्रॅकचा नकाशा जेवणाच्या टेबलावर असा पसरला, जणू पुलाचं काम काढलंय. दुपारी तीनला ऊन कुठल्या स्टँडवर तोंडावर येईल आणि कुठे पाठीवर, ते पेन्सिलीने मांडलं. लांबलचक सरळ रस्ता संपून गाड्यांना करकचून ब्रेक मारावा लागतो, त्या वळणासमोरचा छप्पर असलेला स्टँड निवडला. आमच्या रांगेपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे तिने ईमेल करून विचारलं, आणि त्या लोकांनी मोजून कळवलं! हॉटेल मिलानमध्ये न घेता ट्रॅकच्याच गावात घेतलं, म्हणजे गर्दीच्या गाडीत उभं राहायला नको. पोचल्यावर एक अख्खा दिवस मला झोपायला ठेवला. आमची लेक इथेच गोमती नगरात वाढली, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. तीही म्हणाली, "मम्मी, आप तो कमाल हो." मी जन्मभर सामानाचं नियोजन केलं, पण असं चोख काम माझ्या हातून कधी झालं नाही. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर आधी खात्याची परवानगी लागते, आणि तो कागद हातात असल्याशिवाय आम्ही व्हिसाला जाऊ शकत नव्हतो. अर्जात प्रवासाचं प्रयोजन लिहायचा रकाना असतो. तिने लिहिलं, 'मोटार शर्यत पाहणे.' ऑफिसातल्या लोकांनी समजावलं, "मैडम, टूरिज़्म लिख दीजिए, फ़ाइल जल्दी निकलेगी." ती कसली ऐकते. "जे करायला जातेय तेच लिहीन," म्हणाली.

काही दिवसांनी परवानगी आली. संध्याकाळी तिने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता उभी राहिली. हिंदीत टाइप केलं होतं की, पतीला मोटार शर्यत पाहायची असल्याने त्यांच्यासोबत जाण्यास अनुमती देण्यात येत आहे.

"माझ्या ऑफिसातून तुम्हाला फोन आला होता?"

आला होता. ती साइटवर होती, फोन लागत नव्हता, म्हणून तिथल्या बाबूने घरी लावला. शंका एकच होती, "सर, ये रेस देखनी किसको है?" आणि माझी जीभ वीस वर्षं जिकडे वळत होती तिकडेच वळली. मी म्हटलं होतं, "मुझे, यार. मैडम तो साथ में हैं."

ते कबूल केलं आणि वर शहाणपणा केला. म्हटलं, "अगं, जाऊ दे ना. परवानगी मिळाली, काम झालं. गुरुवारी व्हिसाची तारीख आहे. आता हा कागद परत केला तर पुन्हा येईल की नाही, देव जाणे."

"नाही आला तर नाही जाणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "तुमच्या दोस्तांसाठी चहा टाकताना किती शर्यतींचा शेवट मी ओट्यापाशी उभं राहून नुसता ऐकलाय, माहीत आहे तुम्हाला? मी काही बोलले नाही. पण माझ्या स्वतःच्या फाइलीत मी तुमच्या मागे मागे शर्यतीला गेले असं लागलेलं मला चालणार नाही."

रात्री जेवण धड गेलं नाही. लाज वाटली मला, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती साइटवर गेल्यावर मी ई-रिक्षा धरून तिच्या ऑफिसात गेलो. बाबू माणूस सज्जन होता, पण नियमाचा पक्का. "सर, फ़ोन पर आप ही ने तो कहा था."

"झूठ कहा था," मी म्हटलं. शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. हवाई दलात इतकी वर्षं काढली, पण कान असे कधी तापले नव्हते.

तो म्हणाला, "ठीक है, लिखकर दे दीजिए." कोरा कागद पुढे सरकवला. मी खिडकीजवळच्या बाकावर बसून लिहिलं, सही केली आणि दिलं. त्याने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. ती तीन दिवस कामापुरतंच बोलत होती आणि मी तेवढंच उत्तर देत होतो.

बुधवारी दुपारी ती ऑफिसातून लवकर आली. नवा कागद होता. तिचं नाव, तिचं पद आणि खाली प्रयोजन : मोटार शर्यत पाहणे. मी सहप्रवासी. तो तिने मला वाचायला दिला, पण तिच्या हातात आणखी एक कागद होता, मी लिहून दिलेल्याची झेरॉक्स. बाबूने तिला मुद्दाम काढून दिली होती. ती खुर्चीत बसून वाचायला लागली. मी उगाच पंख्याचं बटण खालीवर करत राहिलो.

त्यात मी लिहिलं होतं की शर्यत माझ्या पत्नीला कळते, मला नाही. पाऊस पडायच्या आधी कोण टायर बदलायला येईल, हे ती टीव्हीवाल्यांच्या आधी सांगते. ब्रेक कुठे लागणार आहे ते ओळखून तिने आमच्या जागा निवडल्या आहेत. लोक तिचं कौतुक मला देत गेले आणि मी ते घेत गेलो. मी तिच्यासोबत जात आहे आणि याचा मला अभिमान आहे.

तिने दोनदा वाचलं. डोळे पुसले, लपवले नाहीत.

"अहो, एवढं सगळं लिहून मागितलं होतं त्याने?"

नव्हतं मागितलं. त्याला एक ओळ पुरली असती. मी पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.