शेवंतामावशीचा नंबर

शेवंता फडतरेचा फोन नंबर सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत लिहिलेला सापडेल. कुठे कॅलेंडरच्या मागे, कुठे कपाटाच्या दाराला आतून, कुठे पोराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर. फौजेतला माणूस जखमी झाला आणि त्याला दिल्लीच्या लष्करी इस्पितळात हलवलं, की गावातलं कुणीतरी म्हणतं, ‘तिथं आपली एक मावशी आहे, तिला फोन लावा.’ मावशीचं आडनाव पुष्कळांना ठाऊक नसतं.

मावशी त्या इस्पितळात चादरी आणि रुग्णांचे कपडे देण्याघेण्याच्या खोलीत कामाला होती. नोकरी अनुकंपेवर मिळालेली. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, हवालदार शहाजी, याच इस्पितळात गेला. पहाडात त्याची गाडी दरीत कोसळली होती. शेवंता गावाहून आली तेव्हा तिला हिंदीचे चार शब्द येत नव्हते. डॉक्टर रोज काहीतरी सांगायचे आणि ती मान हलवून ‘हां जी, हां जी’ म्हणायची. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या एका मराठी जवानाला राहवलं नाही. तो म्हणाला, “वहिनी, ते पहिल्या दिवसापासून सांगतायत, हवालदारसाहेब वाचायचे नाहीत. आणि तुम्ही नुसतं ‘हां जी’ म्हणताय.” त्याच दुपारी शहाजी गेला.

त्यानंतर ती नोकरीला लागली, हिंदी शिकली, दहा वर्षांच्या लेकीला, संपदाला, दिल्लीतल्या पालममध्ये एका खोलीत वाढवलं. आणि मराठी घरचं कुणी इस्पितळात आलं, की चादरी ठेवून आधी त्यांच्याकडे जायची. डॉक्टर बोलायचे, ती मराठीत सांगायची. काही लपवायची नाही. कुणी हे काम दिलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

गेल्या दिवाळीपासून तिचा फोन कुरकुरायला लागला. सकाळी पूर्ण चार्ज करून निघावं तर बॅटरी दुपारपर्यंत निम्म्यावर. डिसेंबरात संपदाबरोबर करोल बागेत स्वेटर घ्यायला गेली, तेव्हा मोबाइलवाल्यांच्या गल्लीत एका दुकानदाराला तिने तो दाखवला. त्याने फोन हातात घेऊन दोन-चार बटणं दाबून पाहिली.

“आंटीजी, बैटरी गई समझो. तीस परसेंट दिखाएगा और बंद हो जाएगा. ठंड में और जल्दी.”

“बदलने में कितना टाइम?” शेवंताने विचारलं.

“इस मॉडल की मँगवानी पड़ेगी. फोन कल तक छोड़ जाइए.”

शेवंता विचारात पडली. फोन दिवसभर इथे ठेवायचा आणि नेमका कुणाचा आला तर? शिवाय मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. पालमची खोली सोडून फरीदाबादला संपदाकडे राहायला जायचं ठरलं होतं. जावई जयदीप नवा फोन घेऊन देणार होता.

“जाऊ दे ना आई,” संपदा म्हणाली. “तीन महिन्यांसाठी कशाला? घे चालवून.”

“बरं,” शेवंता म्हणाली, आणि ‘दो-तीन महीने की ही बात है’ असं दुकानदाराला सांगून फोन पिशवीत टाकला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाईक इंद्रजित मोहिते याला इस्पितळात आणलं. वय एकोणतीस, डोक्याला मार. शुद्धीवर होता, बोलत होता. त्याची बायको राधा आणि तिचे सासरे गावाहून निघाले होते. निजामुद्दीन स्टेशनला उतरलं की मावशीला फोन करायचा, ती पुढचं सांगेल, असं ठरलं होतं. युनिटनेही एक जवान पाठवला होता, पण सासऱ्यांनी फोनवर नुसतं ‘दिल्ली स्टेशन’ सांगितल्यामुळे तो बिचारा नवी दिल्ली स्टेशनावर जाऊन उभा राहिला.

गाडी पहाटेची, पण धुकं दाट होतं. शेवंता नऊच्या सुमाराला इंद्रजितपाशी गेली. रात्रीतून त्याच्या डोक्यातली सूज वाढली होती. डॉक्टरांनी साडेअकराला ऑपरेशन ठरवलं होतं.

“मावशी, आली का गाडी?” त्याने विचारलं.

“फोन नाही आला अजून. म्हणजे लेट असणार. धुकं आहे ना.”

“तिला गाडीत झोप लागत नाही,” तो म्हणाला. “आल्या आल्या आधी चहा द्या तिला. मग इकडे आणा.”

“देते. आधी चहाच देते.”

दहा वाजले, साडेदहा वाजले. ती चादरी पोचवून पुन्हा येऊन बसली. दर वेळी त्याची नजर तिच्या स्वेटरच्या खिशाकडे जायची. “फोन आला की धावत येते बघ,” ती म्हणायची. अकरा वाजून गेल्यावर तो म्हणाला, “आता मी बाहेर आल्यावरच भेटेल ती.” साडेअकराला त्याला आत नेलं.

दाराशी उभी राहून शेवंताने किती वाजले ते बघायला फोन काढला. पडदा काळा होता. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. निघताना तर निम्म्याहून जास्त बॅटरी होती. चार्जर लावला तेव्हा कुठे फोन जागा झाला आणि कंपनीचे मेसेज एकामागून एक येऊ लागले. फोन बंद असताना एकाच नंबरवरून चौदा वेळा कॉल आला होता. पहिला नऊ पन्नासचा.

म्हणजे राधा नऊ पन्नासला निजामुद्दीनला उतरली होती. फोनवरून सांगून रिक्षात बसवली असती तर अकराच्या आत त्याच्या खाटेशी उभी असती.

तिने उलट फोन लावला. राधा आणि म्हातारा अजून फलाटावरच होते. ती स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली तोवर दोन वाजले. राधा काही रागावली नाही. रिक्षात एकदाच म्हणाली, “तुमचा फोन लागला नाही, मावशी.”

इंद्रजित शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

कागद, सह्या, विमानाची व्यवस्था, सगळ्याला शेवंता बरोबर होती. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द सांगत होती. ते सगळं आटोपल्यावर ती राधाशेजारी बाकावर बसली. न सांगताही चाललं असतं. धुकं होतं, गाडी लेट होती, चुकीच्या स्टेशनावर माणूस गेला होता. दोष कुणावरही ढकलता आला असता.

“राधा, त्या दिवशी माझ्या फोनची बॅटरी गेली होती,” ती म्हणाली. “ती जाते हे मला महिनाभर ठाऊक होतं. मी बदलली नाही.”

राधा भिंतीकडे बघत राहिली. तिने विचारलं, “तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“त्याच्याजवळच.”

“काय म्हणाले?”

शेवंताने सांगितलं. गाडीतल्या झोपेचं आणि चहाचं. राधाने पदर तोंडावर घेतला आणि तिथेच वाकली. शेवंताने पाठीवर हात ठेवला, तो तिने झिडकारला नाही, पण वळून पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारी शेवंता फरीदाबादला गेली. संपदाने सगळं ऐकून घेतलं. मग जयदीपने आणून ठेवलेला नवा फोन तिने आईपुढे ठेवला.

“आई, पुरे झालं आता. नवा नंबर घे. जुना बंद कर. बावीस वर्षं केलंस, कमी आहे का? आणि शेवटी वाट्याला काय आलं, तर हे.”

“नंबर बंद करून कसं चालेल? माणसं खोळंबतील.”

जमिनीवर चित्र रंगवत बसलेली सात वर्षांची शिवांजली म्हणाली, “आजी, खोळंबतील मतलब?”

शेवंता तिच्याकडे वळली. “म्हणजे... कुणीतरी येईल म्हणून एकाच जागी उभं राहायचं,” ती म्हणाली. “आणि कुणी येत नाही.”

संपदा उठली. नव्या फोनचा डबा उचलून तिने कपाटात ठेवला. मग म्हणाली, “बॅटरी कधी बदलायचीय? मी येते बरोबर.”

“एकटी जाते,” शेवंता म्हणाली.

पण आधी तिने दुसरं काम केलं. इस्पितळात रेवती नावाची सोलापूरची एक तरुण नर्स होती. शेवंता तिच्याकडे गेली आणि झालेलं सगळं सांगून म्हणाली, “माझ्या एकटीच्या फोनवर माणसं सोडणं हीच चूक होती, पोरी. इतकी वर्षं मला त्याचा अभिमान वाटायचा. तुझा नंबर देऊ का माझ्या जोडीला?” रेवतीने क्षणभर विचार केला. “ड्यूटीवर असले तर उचलता येणार नाही, मावशी. पण बघून उलटा करीन.” तेवढं पुष्कळ होतं. शेवंताने दोन दिवस बसून ओळखीच्या एकेका घरी फोन केला आणि रेवतीचा नंबर लिहून घ्यायला लावला. मग सिमकार्ड काढून संपदाच्या जुन्या फोनमध्ये घातलं, आणि आपला फोन करोल बागेत त्याच दुकानदाराकडे दिला.

“आंटीजी, आप तो कह रही थीं दो-तीन महीने की बात है,” तो म्हणाला.

“गलत कहा था,” शेवंता म्हणाली.

मार्चअखेर ती निवृत्त झाली. फुलांचा गुच्छ मिळाला, शाल मिळाली, एक अधिकारी दोन शब्द चांगले बोलले. आता ती फरीदाबादला राहते. फोन आला की मेट्रोने निघते, दोन ठिकाणी गाडी बदलून इस्पितळ गाठते. कधी आठवड्यात तीन फेऱ्या होतात, कधी महिनाभर एकही नाही. थंडीत फोन आतल्या खिशात ठेवते आणि तासातासाला काढून बघते. जयदीप हसतो, संपदा हसत नाही.

राधाला तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासऱ्यांनी उचलला. पहिल्यांदा म्हणाले, “झोपलीय.” दुसऱ्यांदा म्हणाले, “मावशी, ती कुणाशीच बोलत नाही अजून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” शेवंता ‘बरं’ म्हणाली. मनाला लावून घ्यायचं की नाही हे आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा मात्र तिने फोन केला नाही. राधाला वाटेल तेव्हा राधा करील, नाहीतर करणार नाही. तो हक्क तिचा आहे, असं ती संपदाला म्हणाली, आणि उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.