आईचा पिंड, आजीचा पिंड

पहाटे द्वारका चौकात बसमधून उतरले, तेव्हा नाशिक धुक्यात होतं. आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. तिचं माहेर इथलं, म्हणून बाराव्याच्या विधीसाठी मी, तिची एकुलती एक लेक, सांगलीहून आले होते.

आईनं वीस वर्षं वेदान्ताचे वर्ग केले. घरी येऊन सांगायची, ब्रह्म एकच, वेगळेपण नुसतं दिसतं. तिच्या कपातून कुणी चहा प्यायलेला मात्र तिला खपत नसे. आजीशी, म्हणजे सासूशी, तर तिचं हयातभर पटलं नाही. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाली, "सगळं एकच आहे गं. पण मी गेल्यावर मला तुझ्या आजीच्या जवळपास ठेवू नकोस." मी हसत शब्द दिला.

रामकुंडावर पाण्याला आणि आभाळाला एकच राखाडी रंग होता. घंटा कुठल्या देवळातली, कळत नव्हतं. अंग हलकं झालं होतं, झोपेतच चालत असल्यासारखं. पेठ तालुक्याकडची एक म्हातारी द्रोण (पानांच्या वाट्या) विकत बसली होती. "पाणी लय गार हाय बाई, दमानं उतर," ती म्हणाली.

गुरुजींनी भाताचे चार पिंड मांडले. आजी, पणजी, खापरपणजीचे गोल आणि आईचा लांबट. मग सपिंडी (गेलेल्याला पूर्वजांत मिळवणं) समजावली. आईच्या पिंडाचे तीन भाग करून त्या तिघींत कालवायचे. पहिला भाग आजीत.

माझा हात थांबला. दिलेला शब्द मी चाचरत त्यांना सांगितला. ते हसले नाहीत.

"ताई, इथं बऱ्याच जणी अडखळतात," ते म्हणाले. "भात एकाच पातेल्यातला आहे. दोघी वेगळ्या तुम्हाला आठवतात ना? ते तुमच्यापाशी राहू द्या."

आईची मनातल्या मनात माफी मागून मी भात कालवला. मग बोटांनी तिचा भाग चाचपत राहिले. सापडेना, तेव्हा भीती वाटली आणि मी घाटावरच रडले. पिंड पाण्यात सोडले, तेव्हा धुकं विरत होतं. पायरीवर बसून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. भीती कधी गेली, कळलं नाही.

सांगलीला परतल्यावर माळ्यावरून आजीचं फुलपात्र काढलं, घासलं आणि आईच्या कपाच्या फळीवर ठेवलं. मध्ये थोडी जागा मात्र सोडली.