मोठ्या जावेचा सल्ला

वस्तीत एखादी बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायला माझ्या मोठ्या जावेला बोलावणं यायचं. तीस वर्षं तिने हे काम केलं. पाणी कोमटच हवं, कापूर शेवटच्या पाण्यात, आणि हात इतका हलका की झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये. पाणी ओतायला मी सोबत असायचे. धार जरा जोरात पडली की ती माझ्यावर डोळे वटारायची.

एक खोड मात्र वाईट. धर्मातलं काहीही विचारा, हिचं उत्तर तयार. बेकरीवाल्याची लेक अपघातानंतर मशीनवर होती. मेंदू मेलाय, मूत्रपिंडं दान करता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिच्या आईने हिलाच फोन लावला. शरीर अल्लाहची अमानत आहे, जसं दिलं तसंच परत करायचं, असं हिने ठणकावून सांगितलं. विषय तिथेच संपला.

यंदा जावेच्याच लेकीची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जावेला साखरेचा आजार, त्यामुळे तिचं मूत्रपिंड चालेना. मृत माणसाचं मिळेल, यादीत नाव घाला, असं डॉक्टर म्हणाले. पण पोरगी आईच्याच तालमीत वाढलेली. हे धर्मात जायज आहे का, ते आधी मौलानांना विचारून ये म्हणून अडून बसली.

आम्ही दोघी मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, यावर मतभेद आहेत, पण धर्माचे जाणकार, बरेच आलिम, परवानगी देतात. जीव वाचत असावा, संमती असावी, खरेदी-विक्री नसावी. घेणं चालतं तसं देणंही चालतं.

जाऊ चिडलीच. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही, आपा. सगळे तुम्हालाच विचारायचे."

वाटेत ती माझ्या पुढे झपझप चालत राहिली. मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती.

घरी तिने मौलानांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पोरगी सुजलेले पाय खाली सोडून पलंगावर उठून बसली.

"अम्मी, तू किती घरांना नाही म्हणायला लावलंस?"

"एकालाच," जाऊ म्हणाली.

पोरीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन माणसं वाचली असती."

बेकरीवाल्याचं धरून घरं तीन होती. मी पोरीचे पाय उचलून पलंगावर ठेवले.